अर्ज यंत्राने भरला तर?
संकेतस्थळावरील अर्जाची माहिती स्क्रिप्टद्वारे पाठविण्याचे तंत्र, त्याचे फायदे आणि धोके

गोंदिया तालुक्यातील कामठा हे धानाच्या पट्ट्यातील गाव. आधारभूत किमतीने धान विकायचा असेल, तर या भागातील शेतकऱ्याला आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते. सातबारा उतारा, आधार क्रमांक आणि बँक खात्याचा तपशील संगणकावरील एका अर्जात भरला जातो आणि मगच खरेदी केंद्राचा काटा त्याच्यासाठी हलतो. २०२५-२६ च्या खरीप हंगामासाठी केंद्र सरकारने साधारण प्रतीच्या धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये ठरविली. त्याखेरीज राज्य सरकारने २०२२-२३ च्या हंगामासाठी हेक्टरी १५ हजार आणि २०२३-२४ च्या हंगामासाठी हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, प्रोत्साहनपर रक्कम जाहीर केली. बोलीभाषेत तिला 'धान बोनस' म्हणतात. ती मिळविण्याची पहिली अट म्हणजे नोंदणी. दोन हेक्टरांच्या शेतकऱ्यासाठी त्या एका अर्जाचे मोल ४० हजार रुपये झाले.

असे अर्ज आता सर्वांच्याच वाट्याला आले आहेत. रेल्वेचे आरक्षण, अकरावीचा प्रवेश, शिष्यवृत्ती, पीक विमा, भरती परीक्षा अशा प्रत्येक ठिकाणी काही रकाने आणि त्यांखाली 'सबमिट' हे बटण असते. शेकडो लोकांचे अर्ज भरणाऱ्या केंद्रचालकाला किंवा हजारो विद्यार्थ्यांची माहिती पाठविणाऱ्या संस्थेला साहजिकच एक प्रश्न पडतो. माहिती आधीच तक्त्यात असताना ती पुन्हा हाताने टंकित का करायची? हे काम संगणकच करू शकणार नाही काय? तो करू शकतो, आणि त्याला फारसे कष्टही पडत नाहीत. ते इतके सोपे का आहे, हे समजून घेतल्यास त्यातील जोखीमही ध्यानात येते.

'सबमिट' दाबल्यावर काय होते?

पडद्यावर दिसणारा अर्ज कागदी अर्जासारखा भासतो, पण तो त्याच रूपात सरकारी संगणकाकडे जात नाही. रकान्यांच्या चौकटी, रंग, बोधचिन्ह आणि सूचना या सर्व गोष्टी वापरणाऱ्याच्या संगणकावरच राहतात. बटण दाबताच ब्राऊझर प्रत्येक रकान्याचे अंतर्गत नाव आणि त्यात भरलेले मूल्य यांच्या जोड्या करतो. गाव = कामठा, क्षेत्र = १.२०, पीक = धान, अशा त्या जोड्या असतात. दोन जोड्यांच्या मध्ये '&' हे चिन्ह येते आणि एक लांबलचक ओळ तयार होते. ती ओळ म्हणजेच अर्ज.

ही ओळ पाठविण्याच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. 'गेट' पद्धतीत ती संकेतस्थळाच्या पत्त्याला प्रश्नचिन्हानंतर जोडली जाते. शोधयंत्रात एखादा शब्द शोधल्यावर पत्त्याच्या पट्टीत जी लांब शेपटी दिसते, ती हीच. 'पोस्ट' पद्धतीत ही ओळ पत्त्यावर न लिहिता संदेशाच्या आत ठेवली जाते. पोस्टकार्ड आणि पाकीट यांत जो फरक आहे, साधारण तसाच हा फरक. मात्र पाकीट बंद असले, तरी ते कुलूपबंद नसते. वाटेत कोणी ते वाचू नये यासाठी पत्त्याच्या आरंभी 'एचटीटीपीएस' असणे, म्हणजे संदेश सांकेतिक रूपात जाणे, आवश्यक असते. छायाचित्र किंवा सातबाऱ्याची प्रत जोडायची झाल्यास तिसरी रचना वापरतात. तीत प्रत्येक रकाना स्वतंत्र भागात जातो आणि भागांच्या मध्ये सीमारेषा आखलेली असते.

ही व्यवस्था तीस वर्षांहून जुनी आहे. १९९३ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातील 'एनसीएसए' या संस्थेत भरलेल्या अर्जाची माहिती सर्व्हरवरील प्रोग्रॅमकडे सोपविण्याची 'सीजीआय' ही रीत ठरली. नोव्हेंबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'एचटीएमएल २.०' या मानकात अर्जाचे रकाने अधिकृतपणे समाविष्ट झाले. त्यानंतर महाजालाचे रूप पालटले, पण नाव आणि मूल्याच्या जोड्यांची ही ओळ अजूनही बव्हंशी तशीच आहे.

'कामठा' या शब्दाचा प्रवास

मराठी शब्द या ओळीतून कसा जातो, हे पाहण्यासारखे आहे. पत्त्यात आणि अर्जाच्या ओळीत मुळात रोमन अक्षरे, अंक आणि मोजकी चिन्हेच चालतात. त्यामुळे इतर सर्व लिपींची अक्षरे रूपांतर करून पाठवावी लागतात. 'कामठा' या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने पाच घटक आहेत. क, काना, म, ठ आणि पुन्हा काना. 'यूटीएफ-८' या प्रचलित पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट व्यापतो. प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह आणि त्यापुढे दोन सांकेतिक अक्षरे अशा रूपात लिहिला जातो. रोमन अक्षरांऐवजी देवनागरी घेऊन लिहायचे, तर 'क' हे अक्षर '%ई०%ए४%९५' असे प्रवास करते. पाच घटकांचा हा छोटा शब्द ओळीत ४५ चिन्हांचा होतो. समोरचा संगणक ती उलट वाचून पुन्हा 'कामठा' तयार करतो.

ब्राऊझर हे रूपांतर निमूटपणे करतो. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने मात्र त्याची आठवण ठेवावी लागते. ते राहून गेल्यास गावाच्या नावाच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा चौकोन उमटतात. नावात '&' हे चिन्ह असल्यास तर घोटाळा आणखी वाढतो. चिन्हाचे रूपांतर न केल्यास समोरचा संगणक तेथे रकाना संपला असे समजतो आणि उरलेला भाग दुसऱ्याच रकान्याचा मानतो.

मराठीच्या बाबतीत आणखी काही अडचणी आहेत. जुन्या नोंदी श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये टंकित केलेल्या असतात. त्यांत पडद्यावर मराठी दिसते, परंतु संगणकाच्या दृष्टीने ती रोमन अक्षरांची अर्थहीन माळ असते. ती युनिकोडमध्ये रूपांतरित न करता पाठविल्यास अर्जात निरर्थक मजकूर जातो. 'शेतकऱ्याचा' या शब्दातील अर्धा र दोन निरनिराळ्या प्रकारे टंकित होऊ शकतो. वाचणाऱ्याला दोन्ही शब्द एकच वाटतात, संगणकाला मात्र ते भिन्न दिसतात आणि नावांची जुळणी फसते. देवनागरी '५' आणि रोमन पद्धतीचा पाच हेही संगणकासाठी वेगळे आहेत. क्षेत्राच्या रकान्यात देवनागरी अंक भरल्यास बहुतेक प्रणाली तो नाकारतात.

नावांचे साधर्म्य हा वेगळाच विषय. कामठा गोंदिया जिल्ह्यात आहे आणि कामठी नागपूर जिल्ह्यात. नांदेड जिल्ह्यातही कामठा बुद्रुक हे गाव आहे. खुद्द गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या कागदांवर भंडाऱ्याचे नाव आढळते. शिवाय 'गोंदिया' हे नाव रोमन लिपीत 'वाय' या अक्षरासह आणि त्याविनाही लिहिले जाते. म्हणून चांगल्या अर्जात यादीतून 'गोंदिया' निवडले, तरी प्रत्यक्षात नाव न जाता एक क्रमांक जातो. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याचा संकेतांक ५०७ होता. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने पडद्यावरचे नाव पाठविले आणि प्रणालीला क्रमांक हवा असला, तर अर्ज फेटाळला जातो किंवा तो रकाना रिकामा राहतो.

स्क्रिप्ट नेमके काय करते?

स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला क्रमाने द्यावयाच्या आज्ञांची छोटी यादी. अर्ज ही अखेर एक ओळच असल्याने ती ओळ ब्राऊझरनेच तयार करावी, असे बंधन नाही. कोणताही प्रोग्रॅम ती तयार करून त्याच पत्त्यावर धाडू शकतो. स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग यांनी १९९८ मध्ये 'कर्ल' हे साधन या नावाने प्रसिद्ध केले. त्याच्या साहाय्याने एका ओळीच्या आज्ञेत भरलेला अर्ज पाठविता येतो. पायथन, पीएचपी, पर्ल अशा भाषांतही त्यासाठी तयार साधने आहेत. अर्ज गुंतागुंतीचा असल्यास 'सेलेनियम'सारखे साधन प्रत्यक्ष ब्राऊझर उघडते आणि माणसाप्रमाणे रकान्यांत मजकूर भरून बटण दाबते. २००४ मध्ये शिकागो येथे संकेतस्थळांच्या चाचणीसाठी ते जन्माला आले.

समजा, एका केंद्रचालकाकडे दोनशे शेतकऱ्यांची माहिती तक्त्यात आहे आणि संबंधित विभागाने अशा पद्धतीने माहिती पाठविण्यास त्याला परवानगी दिली आहे. त्याच्या स्क्रिप्टला पुढील पायऱ्या चढाव्या लागतील. प्रथम केंद्राच्या नावाने प्रवेश घ्यायचा. प्रवेश मिळताच सर्व्हर 'कुकी' नावाची एक खूण देतो. जत्रेतील पाळण्याच्या तिकिटासारखी ती जपून ठेवावी लागते आणि पुढच्या प्रत्येक विनंतीसोबत दाखवावी लागते. त्यानंतर अर्जाचे पान मागवायचे. त्या पानात बहुधा एक अदृश्य रकाना असतो आणि त्यात दर वेळी बदलणारा सांकेतिक क्रमांक असतो. तो वाचून घ्यायचा. मग शेतकऱ्याची माहिती व तो क्रमांक एकत्र करून ओळ पाठवायची. अखेरीस उत्तर वाचायचे, पोचक्रमांक नोंदवून ठेवायचा, थोडे थांबायचे आणि पुढच्या नावाकडे वळायचे.

यातील उत्तर वाचण्याची पायरी सर्वाधिक दुर्लक्षित राहते. सर्व्हर प्रत्येक विनंतीला तीन अंकी संकेत परत देतो. २०० म्हणजे विनंती पोचली, ४०३ म्हणजे मनाई, ४२९ म्हणजे विनंत्या फार झाल्या आणि ५०० म्हणजे सर्व्हरमध्येच बिघाड. नवशिके २०० हा आकडा दिसताच काम फत्ते झाले असे मानतात. वास्तविक अर्ज फेटाळल्याचे पानही पुष्कळदा २०० या संकेतासह येते. 'खाते क्रमांक चुकीचा आहे' हे वाक्य त्या पानात तांबड्या अक्षरांत असते, पण ते वाचायला समोर माणूस नसतो. दोनशे अर्ज गेल्याची नोंद होते आणि त्यांतील चाळीस प्रत्यक्षात दाखलच झालेले नसतात. हे उघड होते तेव्हा बहुधा मुदत उलटलेली असते.

वेग वाढतो, तशी चूकही

हाताने अर्ज भरणारा दमतो आणि चुकतो, पण त्याची चूक एका अर्जापुरती असते. स्क्रिप्टची चूक साऱ्या यादीला लागते. तक्त्यातील एक स्तंभ सरकला, तर प्रत्येक शेतकऱ्याच्या नावापुढे शेजाऱ्याचा खाते क्रमांक जातो.

सर्वांत फसवी चूक तक्त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये दडलेली असते. खाते क्रमांक ही 'संख्या' आहे असे समजून ते सॉफ्टवेअर आरंभीची शून्ये गाळून टाकते. एक्सेलमध्ये संख्येचे पहिले पंधरा अंकच अचूक राहतात. काही बँकांचे खाते क्रमांक सोळा अंकी असतात, त्यांचा शेवटचा अंक कोणतीही सूचना न देता शून्य होतो. बारा अंकी आधार क्रमांकही संक्षिप्त वैज्ञानिक रूपात दिसू लागतो आणि तसाच नकलला गेला तर निरुपयोगी ठरतो. उपाय सोपा आहे. माहिती भरण्यापूर्वीच ते स्तंभ 'मजकूर' या प्रकाराचे ठरवावेत.

काही चुका पाठविण्याआधीच पकडता येतात. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. डच गणितज्ञ याकोबस व्हेरहोफ यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या या पद्धतीने एखादा अंक चुकल्यास किंवा शेजारचे दोन अंक उलटेपालटे झाल्यास चूक लगेच उघड होते. बँक शाखेचा 'आयएफएससी' संकेतांक नेहमी अकरा अक्षरांचा असतो आणि त्यातील पाचवे अक्षर शून्य असते. तेथे इंग्रजी 'ओ' टंकित झाले, तर रक्कम अडकते. चांगली स्क्रिप्ट अशा तपासण्या आधी करते आणि संशयास्पद नोंदी बाजूला काढून माणसाकडे सोपविते.

दुहेरी अर्ज ही आणखी एक आपत्ती. जोडणी मध्येच तुटली, तर अर्ज पोचला की नाही हे कळत नाही. स्क्रिप्टने तो आंधळेपणाने पुन्हा पाठविल्यास एकाच व्यक्तीचे दोन अर्ज होतात आणि छाननीत दोन्ही अडकू शकतात. म्हणून पुन्हा पाठविण्यापूर्वी आधीचा अर्ज दाखल झाला आहे काय, हे तपासणे अनिवार्य ठरते.

समोर माणूसच आहे कशावरून?

सर्व्हरला फक्त ओळ दिसते, ती लिहिणारा दिसत नाही. यातून दोन परिणाम संभवतात. पहिला परिणाम अर्जातील तपासण्यांविषयीचा. पडद्यावरील यादीत दोन हेक्टरांपर्यंतचेच पर्याय दिले, तरी स्क्रिप्ट थेट दोनशे हेक्टर लिहून पाठवू शकते, कारण ती यादी केवळ ब्राऊझरमध्ये होती. त्यामुळे प्रत्येक तपासणी सर्व्हरवर पुन्हा झालीच पाहिजे. प्रणाली उभारणाऱ्यांसाठी हा मूलभूत नियम आहे आणि तो पाळला न गेल्याने अनेक प्रणाली फसल्या आहेत.

दुसरा परिणाम गर्दीविषयीचा. १९९७ च्या सुमारास 'अल्टाव्हिस्टा' या त्या काळच्या लोकप्रिय शोधयंत्राला त्याचा अनुभव आला. संकेतस्थळांची नावे सुचविण्यासाठी तेथे एक अर्ज होता आणि स्क्रिप्टांनी त्यात अक्षरशः रतीब घातला. तेव्हा आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेडीवाकडी अक्षरे चित्ररूपात दाखवून ती ओळखून लिहायला लावण्याची युक्ती योजिली. पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आदींनी या कल्पनेला 'कॅप्चा' हे नाव दिले. आज जवळपास प्रत्येक सरकारी अर्जाखाली दिसणारी ती अक्षरे म्हणजे मूळची ही राखणदार.

ही राखण अर्थातच अपुरी पडते. अक्षरे ओळखणारे प्रोग्रॅम तयार झाले आणि मजुरी देऊन माणसांकडून ती सोडवून घेण्याचे धंदेही निघाले. शिवाय अंधुक दृष्टीच्या ज्येष्ठांना ती अक्षरे यंत्रापेक्षा अधिक छळतात. यासाठी मोबाइलवर येणारा परवलीचा क्रमांक, आधार पडताळणी, ठरावीक वेळेत किती विनंत्या स्वीकारायच्या याची मर्यादा असे उपाय पुढे आले. धान नोंदणीत शेतकऱ्याने स्वतः हजर राहून छायाचित्र द्यावे, अशी अट अलीकडच्या हंगामांत घालण्यात आली, तीही याच मालिकेतील. ओळीमागे खरा माणूस आहे, एवढीच खात्री तिला हवी असते.

रांग कोण मोडतो?

अर्ज पाठविण्यात शर्यत असेल, तर स्क्रिप्ट थेट न्यायाचा प्रश्न निर्माण करते. गोंदिया जंक्शनवरून मुंबईकडे वा हावड्याकडे जाणाऱ्या प्रवाशाला तात्काळ तिकिटांचा अनुभव चांगलाच परिचित आहे. खिडकी उघडते आणि मिनिटा-दोन मिनिटांत तिकिटे संपतात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय अन्वेषण विभागाने आपल्याच एका सहायक प्रोग्रॅमरला अटक केली. तात्काळ तिकिटांचे अर्ज आपोआप आणि वेगाने भरणारे सॉफ्टवेअर तयार करून दलालांना पुरविल्याचा आरोप त्याच्यावर होता. रेल्वेने जून २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार, आरक्षण खुले होताच पहिल्या पाच मिनिटांत संकेतस्थळावर येणाऱ्या प्रवेश-प्रयत्नांपैकी जवळजवळ निम्मे प्रयत्न यंत्रांचे होते. संशयास्पद वाटलेली सुमारे अडीच कोटी खाती बंद करण्यात आली. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तात्काळ तिकिटासाठी आधार पडताळणी सक्तीची झाली आणि अधिकृत दलालांनाही पहिली तीस मिनिटे मनाई करण्यात आली.

कोरोनाच्या लाटेत हाच प्रश्न अधिक तीव्रतेने पुढे आला. २८ एप्रिल २०२१ पासून 'कोविन'वर १८ ते ४४ वयोगटाची नोंदणी सुरू झाली. लस कोठे उपलब्ध आहे, हे सतत तपासून सूचना देणाऱ्या स्क्रिप्ट अनेक प्रोग्रॅमरांनी लिहिल्या. त्यांतील पुष्कळ लोकोपयोगी होत्या. परंतु ज्याच्याकडे संगणक, वेगवान जोडणी आणि अशी सूचना होती, त्याला लसीची वेळ मिळाली. शहरांतील तरुणांनी ग्रामीण केंद्रांवरील वेळा पटकावल्याच्या आणि गावकरी लसीविना परतल्याच्या तक्रारी महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांतून आल्या. सरकारने एका संगणकावरून पाच मिनिटांत शंभर विनंत्यांची मर्यादा घातली आणि पुढे कॅप्चाही आणला. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे २०२१ च्या आदेशात डिजिटल दरीकडे सरकारचे लक्ष वेधले. स्मार्टफोन नसलेल्या माणसाच्या दृष्टीने ती रांग सुरू होण्यापूर्वीच संपली होती.

सर्व्हरवरील ताण हाही त्याचाच भाग. २०२५ मध्ये अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया प्रथमच संपूर्ण राज्याला लागू झाली आणि गोंदियासारख्या जिल्ह्यांतील विद्यार्थीही तीत आले. २१ मे रोजी, पहिल्याच दिवशी, संकेतस्थळ कोलमडले. नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली. ती गर्दी माणसांचीच होती. जेथे माणसांच्या गर्दीनेच प्रणाली वाकते, तेथे दर सेकंदाला पन्नास विनंत्या करणारी एखादी बेफिकीर स्क्रिप्ट किती जणांची वाट अडवील, याची कल्पना यावरून करता येईल.

आडवाट की राजमार्ग?

माणसाचे सोंग घेऊन अर्ज भरणारी स्क्रिप्ट ही अखेर आडवाटच. संकेतस्थळाने एखाद्या रकान्याचे नाव बदलले, तरी ती कोसळते. दोन संगणकांनी परस्परांशी बोलण्यासाठी जो राजमार्ग असतो, त्याला 'एपीआय' म्हणतात. त्यात कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची, किती वेगाने द्यायची आणि कोणाला तसा अधिकार आहे, हे सारे आधी ठरलेले असते. पाठविणाऱ्याला स्वतंत्र किल्ली दिली जाते आणि प्रत्येक नोंद कोणाकडून आली ते कळते.

महाराष्ट्रातील दोन कर्जमाफी योजनांची तुलना या संदर्भात उद्बोधक ठरते. जून २०१७ मध्ये जाहीर झालेल्या छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेत प्रत्येक शेतकऱ्याला ऑनलाइन अर्ज भरावा लागला. २२ सप्टेंबर २०१७ पर्यंतच्या मुदतीत पन्नास लाखांहून अधिक अर्ज आले. केंद्रांबाहेर रांगा लागल्या, सर्व्हर मंदावले आणि पुढे अर्जांतील माहिती बँकांच्या नोंदींशी जुळविताना त्रुटी निघून लाभ लांबले. डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत शेतकऱ्याकडून अर्जच मागविण्यात आला नाही. कर्जखात्यांची माहिती बँकांनी थेट संगणक प्रणालीत भरली, याद्या प्रसिद्ध झाल्या आणि शेतकऱ्याला फक्त आधार पडताळणीसाठी जावे लागले. बँकेकडे असलेला खाते क्रमांक शेतकऱ्याने पुन्हा टंकित करून घेण्याची गरजच मग उरली नाही. जी माहिती सरकारच्या एका विभागाकडे आहे, तीच दुसऱ्या विभागाने अर्जातून पुन्हा मागणे हेच अनेक चुकांचे मूळ असते.

कायद्याची चौकट

स्क्रिप्ट वापरणे हा मुळात गुन्हा नाही. स्वतःच्या संकेतस्थळाची चाचणी घेणे, स्वतःची माहिती परवानगीच्या मर्यादेत पाठविणे, कंटाळवाणे काम हलके करणे हे तिचे रास्त उपयोग आहेत. मात्र माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ नुसार, संगणक प्रणालीच्या मालकाच्या परवानगीविना तीत प्रवेश करणे, माहिती उचलणे किंवा तिच्या कामात अडथळा आणणे हे भरपाईस पात्र ठरते. अप्रामाणिकपणे वा कपटाने तसे केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दुसऱ्याचा पासवर्ड कपटाने वापरणे कलम ६६ क खाली येते. रेल्वे तिकिटांचा अनधिकृत व्यवसाय रेल्वे कायद्याच्या कलम १४३ नुसार गुन्हा आहे आणि तो ई-तिकिटांनाही लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले.

इतरांच्या वतीने अर्ज भरणाऱ्यावर नैतिक जबाबदारी अधिक मोठी असते. त्याच्या तक्त्यात शेकडो लोकांचे आधार क्रमांक, खाती आणि मोबाइल क्रमांक एकत्र साठलेले असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ चा गाभा असा की, माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी आणि ती सांभाळावी. काम संपल्यावर तो तक्ता केंद्रातील संगणकावर उघडा पडून राहणे, किंवा स्क्रिप्टमध्येच पासवर्ड लिहून ती मित्राला पाठविणे, ही सर्रास होणारी हयगय गंभीर आहे.

पोच हाती पडेपर्यंत

स्क्रिप्ट वापरणाऱ्याने काही पथ्ये पाळली, तर तिचा त्रास कोणालाच होणार नाही. संकेतस्थळाच्या अटी वाचाव्यात आणि राजमार्ग उपलब्ध असल्यास तोच धरावा. पहिले पाच अर्ज पाठवून थांबावे आणि ते प्रणालीत कसे उमटले हे डोळ्यांनी पाहावे. दोन विनंत्यांमध्ये अंतर ठेवावे आणि ४२९ हा संकेत येताच थांबावे. प्रत्येक अर्जाचा पोचक्रमांक, दिनांक आणि वेळ नोंदवावी. जे अर्ज फेटाळले गेले त्यांची वेगळी यादी त्याच दिवशी करावी, म्हणजे मुदतीच्या आत दुरुस्ती शक्य होते.

ज्याच्या नावाने अर्ज जातो, त्यालाही काही गोष्टी मागता येतात. पोचपावती छापून घ्यावी. तिच्यावरील गावाचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र आणि खाते क्रमांकाचे शेवटचे अंक सातबारा व पासबुकाशी तेथेच ताडून पाहावेत. मोबाइलवर आलेला परवलीचा क्रमांक सांगण्यापूर्वी तो कोणत्या कामासाठी आहे, हे संदेशात वाचावे किंवा घरातील मुलाकडून वाचवून घ्यावे. केंद्रातील माणसाने 'झाला अर्ज' असे म्हटल्याने अर्ज होत नाही, पोचक्रमांक मिळाल्यावरच तो होतो.

कामठ्याच्या शेतकऱ्याला गेट, पोस्ट किंवा कुकी हे शब्द ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या दृष्टीने धान पिकला आहे, तो विकायचा आहे आणि हक्काची रक्कम खात्यात यायची आहे. पण त्याची सारी ओळख, त्याचे गाव, त्याची दोन हेक्टर जमीन एका ओळीत बसवून जो ती पुढे धाडतो, त्याने ती ओळ माणसाच्या डोळ्यांनी एकदा तरी वाचायला हवी. ते काम स्क्रिप्टवर सोपविता येत नाही.